पिकअपला मोठा ट्रेलर जोडायचाय? आधी दारावरचे स्टिकर वाचा

अमेरिकेत पिकअप घेतली की कधी ना कधी मागे कॅम्पर नाहीतर बोट लावायची हुक्की येतेच, आणि डीलर सांगतो की ही गाडी ११,००० पाउंड आरामात खेचते. खेचेल की, इंजिनाबद्दल वादच नाही. पण लायसन्सचा नियम त्या ११,००० वर चालत नाही आणि गाडीचा मागचा अ‍ॅक्सलही नाही, दोघांचे आकडे वेगळे, आणि ते ब्रोशरात नसतात, स्टिकरवर असतात.

तर पहिलं काम, ड्रायव्हरचं दार उघडा आणि मोबाईलने फोटो काढा. तिथे एका स्टिकरवर जीव्हीडब्ल्यूआर असतो, म्हणजे गाडी, माणसं, सामान, हिचवर (ट्रेलर अडकवायच्या मागच्या जोडावर) बसलेला भार असं सगळं धरून गाडीचं जास्तीत जास्त वजन. बाजूच्या पिवळ्या स्टिकरवर पेलोड, म्हणजे माणसं आणि सामान मिळून किती चालेल ते. ट्रेलरवरही अशीच पट्टी असते, बहुतेक डाव्या बाजूला पुढे, तिचाही फोटो.

आता लायसन्स. फेडरल नियमात क्लास ए, म्हणजे जड गाडी-ट्रेलरच्या कमर्शियल लायसन्ससाठी दोन अटी आहेत आणि दोन्ही एकदम लागू व्हाव्या लागतात: गाडी आणि ट्रेलर दोघांचं रेटिंग, म्हणजे स्टिकरवरचा जीव्हीडब्ल्यूआर, मिळून २६,००१ पाउंड किंवा जास्त, आणि त्यात एकट्या ट्रेलरचं १०,००० च्या वर. उदाहरणार्थ १४,००० चा ट्रेलर १०,००० च्या पिकअपला लावला तर बेरीज २४,०००, क्लास ए नको. तोच ट्रेलर मागे चार चाकं असलेल्या १४,००० च्या डुअलीला लावा, झाले २८,०००, लागला क्लास ए. गाडी जास्त दणकट, काम जास्त सेफ, तरी कागद वाढले, आहे ना गंमत! आणि हो, ट्रेलर रिकामा असला तरी सुटका नाही, कारण बघतात ते रेटिंग. ९,९९० पाउंड रेटिंगचे ट्रेलर बाजारात का दिसतात ते आता कळलं असेल.

पण थांबा, वरचा नियम कमर्शियल लायसन्सचा. घरचा कॅम्पर घेऊन फिरायला निघालात तर बहुतेक राज्यं त्यातून सूट देतात, फक्त सूट म्हणजे साधं लायसन्स चालेलच असं नाही. टेक्सासमध्ये तेच २६,००१ आणि १०,००० चे आकडे पार झाले की नॉन-कमर्शियल क्लास ए लागतं. कॅलिफोर्नियात साधा ट्रॅव्हल ट्रेलर १०,००० च्या वर किंवा फिफ्थ व्हील (पिकअपच्या हौद्यात बसवलेल्या हिचला जोडायचा ट्रेलर) १५,००० च्या वर गेला की नॉन-कमर्शियल क्लास ए, आणि फिफ्थ व्हील या दोन आकड्यांच्या मधे असेल तर नेहमीच्या लायसन्सवर वेगळी नोंद करून घ्यावी लागते. त्यामुळे शेजाऱ्याला विचारू नका, तो दुसऱ्या राज्यातून आलेला असतो, आपल्या राज्याचं हँडबुक उघडा.

धंद्यासाठी ओढत असाल, अगदी गवत कापायची मशीनं असली तरी, आणि राज्याची हद्द ओलांडत असाल, तर गाडी-ट्रेलर मिळून १०,००१ पाउंडांपासूनच यूएस डॉट नंबर (फेडरल वाहतूक खात्याचा नोंदणी क्रमांक) आणि ड्रायव्हरचं मेडिकल सर्टिफिकेट लागतं. कमर्शियल क्लास ए पहिल्यांदाच काढणार असाल तर ७ फेब्रुवारी २०२२ पासून नोंदणीकृत ट्रेनिंगही सक्तीचं आहे.

लायसन्स झालं, आता खरी गोची, पेलोड. माझ्या हाफ-टनवर, म्हणजे साध्या हलक्या वर्गातल्या पिकअपवर, १,६०० लिहिलंय. आम्ही चौघं मिळून ६५०, हिचचं सामान ७०, आणि ८,००० च्या कॅम्परचा १२ टक्के भार हिचवर, म्हणजे ९६०. बेरीज १,६८०. कूलर अजून ठेवलाच नाही! टो रेटिंग (डीलर सांगतो तो खेचायचा आकडा) काढायच्या जे२८०७ या स्टँडर्डमध्ये १५० पाउंडाची दोनच माणसं धरतात, आपण जातो सगळं बिऱ्हाड घेऊन.

म्हणून एकदा ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केलवर, म्हणजे गाड्या तोलायच्या वजनकाट्यावर, जाच. टाकी फुल, मुलंबाळं आत, ट्रेलर भरलेला. पुढची चाकं, मागची चाकं आणि ट्रेलर तीन वेगवेगळ्या प्लेट्सवर येतील असं उभं राहायचं, स्लिपवर तिन्ही आकडे येतात. पहिले दोन मिळून गाडीच्या जीव्हीडब्ल्यूआरच्या आत हवेत, आणि मागच्या अ‍ॅक्सलचा आकडा त्याच्या स्वतःच्या रेटिंगच्या आत, तेही दारावर लिहिलेलं असतं. मग ट्रेलर सोडून गाडी एकटी परत तोला, गाडीच्या वजनात जो फरक येईल तो हिचवरचा भार (वेट डिस्ट्रिब्युशनचे बार, म्हणजे हिचवरचा भार पुढच्या चाकांवर आणि ट्रेलरवर वाटणारे दांडे, लावले असतील तर ते काढूनच तोला). हा भार ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के हवा, फिफ्थ व्हीलला १५ ते २५. कमी पडला की हायवेवर ट्रेलर शेपटी हलवायला लागतो, तेव्हा सामान अ‍ॅक्सलच्या पुढे सरकवा. जास्त झाला तर थोडं मागे, पण सगळं मागच्या टोकाला नाही.

ब्रेकचं राज्यागणिक वेगळं आहे, बऱ्याच ठिकाणी ३,००० पाउंडांपासून ट्रेलरला स्वतःचे ब्रेक लागतात, कॅलिफोर्नियात कॅम्परला १,५०० पासूनच. सुरक्षेच्या साखळ्या कपलरच्या (ट्रेलरच्या पुढच्या जोडाच्या) खालून क्रॉस करून लावा, आणि ब्रेकअवेची केबल (ट्रेलर सुटला तर त्याचे ब्रेक लावणारी) साखळीला न अडकवता गाडीच्या फ्रेमला. कॅलिफोर्नियात ट्रेलर लावलेला असताना कमाल वेग ५५ मैल, बाजूने सगळे ७५ ने जात असले तरी.