छोट्या कार्यालयातील वकिलाने सार्वजनिक प्रश्नांवर कसे लिहावे

तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी एक-दोन सहकाऱ्यांसह वकिली करणाऱ्या माणसापुढे समाजाचे प्रश्न फार लवकर येतात. भावांच्या सांगण्यावरून हक्कसोडपत्रावर सही करून बसलेली बहीण, दुसऱ्याच्या कर्जाला जामीन राहून पतसंस्थेच्या वसुलीत अडकलेला शिक्षक, जातपंचायतीने वाळीत टाकलेले कुटुंब, ही माणसे आधी वकिलाकडे येतात. त्यांचा विषय वर्तमानपत्रात आलाच तर पुष्कळ नंतर येतो. म्हणून अशा वकिलाने जाहीरपणे लिहिले पाहिजे, बोलले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. मात्र त्याच्या शब्दाला वजन राहते ते एकाच अटीवर: लेखामागे स्वतःच्या कार्यालयाचा फायदा नसावा आणि असल्याचा संशयही येऊ नये. खालच्या बहुतेक सूचना या एका अटीतूनच निघालेल्या आहेत.

पहिली अडचण गैरसमजाची असते. वकिलाने समाजमाध्यमावर काही लिहिणे म्हणजेच नियमभंग, अशी समजूत बाररूममध्ये अजूनही ऐकू येते, आणि दुसरीकडे काही तरुण सहकारी व्यवसायाची सर्रास जाहिरात करताना दिसतात. नियम या दोन्हींच्या मधे उभा आहे. वकिलांच्या व्यवसायाचे नियमन करणाऱ्या बार कौन्सिल ऑफ इंडियाचा नियम ३६ प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष जाहिरात करण्यास, दलालांमार्फत काम मिळवण्यास आणि आपण चालवत असलेल्या प्रकरणासंबंधी वर्तमानपत्रात मजकूर किंवा स्वतःचे छायाचित्र छापून आणण्यास मनाई करतो. त्याच नियमाप्रमाणे वकिलाची पाटी माफक आकाराची असावी लागते आणि तिच्यावर आपण अमुक संघटनेशी किंवा अमुक चळवळीशी संबंधित आहोत, किंवा अमुक प्रकारच्या कामात निष्णात आहोत, असे लिहिता येत नाही. २००८मध्ये संकेतस्थळाला परवानगी मिळाली, तीही नाव, पत्ता, संपर्क, नोंदणी क्रमांक व दिनांक, शिक्षण आणि कामाची क्षेत्रे एवढ्या ठरावीक माहितीपुरतीच. पण याच नियमावलीतील नियम ५१ जाहिरातबंदीच्या मर्यादेत राहून वकिलाला पत्रकारिता, प्रसारण, व्याख्याने आणि अध्यापन करण्याची मुभा देतो, आणि तीही कायदेविषयक तसेच अन्य विषयांवर. म्हणजे लिहिण्याला बंदी नाही. लिहिण्याच्या निमित्ताने पक्षकार ओढण्याला आहे. मुंबईच्या एस्प्लनेड न्यायालयाच्या आवारात पक्षकारांना अक्षरशः ओढाताण करून पळवण्याचा प्रकार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि वकिली हा व्यापार नव्हे, हे त्या न्यायालयाने १९७५मध्ये स्पष्ट शब्दांत सांगितले. आज ती ओढाताण मोबाइलच्या पडद्यावर होत असेल, तर तिलाही तेच लागू पडते.

यातून काही सवयी सहज ठरवता येतात. लेखाच्या शेवटी दूरध्वनी क्रमांक देऊ नये. जिंकलेल्या प्रकरणाचे अभिनंदनपर छायाचित्र टाकू नये. बँड आणि गाऊन, म्हणजे वकिलाची पांढरी गळपट्टी आणि काळा झगा, न्यायालयाबाहेर सार्वजनिक ठिकाणी घालण्यास नियमाने मनाई आहे. त्यामुळे लेखासोबत साध्या कपड्यांतले छायाचित्र द्यावे, किंवा देऊच नये.

विषय निवडताना आधी स्वतःच्या कार्यालयातील फायलींकडे पाहावे. छोट्या गावात एकाच कार्यालयाकडे पतसंस्थेचे धनादेश अनादराचे खटलेही असतात आणि कर्जदाराचे नातेवाईकही सल्ल्याला येतात. ज्या पतसंस्थेच्या वकिलांच्या पॅनेलवर (नेमलेल्या यादीत) आपण आहोत, तिच्या वसुलीच्या पद्धतीवर जाहीर टीका करणे पक्षकाराशी प्रतारणा ठरते. आणि पॅनेलवर असल्याचे न सांगता वसुलीच्या कायद्याचे समर्थन करणे ही वाचकाची फसवणूक ठरते. अशा वेळी दोनच मार्ग उरतात: विषय सोडून द्यावा, किंवा पहिल्याच परिच्छेदात आपला संबंध उघड करून केवळ कायद्याची माहिती द्यावी. माझा कल पहिल्या मार्गाकडे आहे, कारण विषयांना तोटा नाही. मात्र एखाद्या बाजूचे पक्षकार पुढेमागे मिळतील म्हणून सगळ्याच विषयांवर मौन धरणे, ही सावधगिरी नव्हे. जातपंचायतीच्या बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राने २०१६मध्ये स्वतंत्र कायदा केला, आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. तो कायदा गावातल्या माणसाला समजावून सांगण्यासाठी तालुक्याच्या वकिलाने कोणाची परवानगी मागण्याचे कारण नाही.

लेखाची रचना कशी असावी, हे हक्कसोडपत्राच्या उदाहरणावरून नीट दाखवता येईल, कारण या विषयावर चुकीची माहितीही खूप फिरते. वडील वारले की तेराव्यानंतर लगेच वारस नोंदीची घाई होते, आणि बहिणींना दुय्यम निबंधक कार्यालयात नेऊन हक्कसोडपत्र नोंदवून घेतले जाते. यावर लिहिताना ‘भावांनी जमीन बळकावली असेल तर आजच भेटा’ असे वाक्य लिहिणारा वकील नियमही मोडतो आणि घरही मोडतो. त्याऐवजी लेखात तीन गोष्टी नेमक्या असाव्यात. पहिली, कायदा कोणत्या तारखेपासून काय सांगतो: महाराष्ट्राने १९९४मध्येच मुलींना सहदायिकीत, म्हणजे एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मालमत्तेत, जन्मतः हक्क दिला होता, पण दुरुस्तीपूर्वी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या होत्या, हिंदू उत्तराधिकार कायद्यातील केंद्रीय दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५पासून लागू झाली, आणि त्या दिवशी वडील हयात असणे आवश्यक नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा प्रकरणात ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केले. दुसरी, कायद्याची मर्यादा: २० डिसेंबर २००४पूर्वी नोंदणीकृत दस्ताने किंवा न्यायालयाच्या हुकूमनाम्याने झालेले वाटप या दुरुस्तीने उघडले जात नाही, आणि समजून-उमजून, स्वखुशीने करून दिलेले हक्कसोडपत्र कायदेशीरच असते. ही मर्यादा जो लेख सांगत नाही, तो वाचून उभ्या राहणाऱ्या आशेची जबाबदारी लेखकावर येते. तिसरी, वाचकाने स्वतः करायची कृती: सही करण्यापूर्वी सातबारा, आठ-अ आणि फेरफार स्वतः वाचावेत, दस्ताचा मजकूर घरी नेऊन विश्वासातल्या माणसाला दाखवावा, ‘बक्षीस’, ‘मोबदला मिळाला’ अशा शब्दांचा अर्थ विचारून घ्यावा, आणि सही फसवणुकीने घेतली गेल्याचे कळले, तर दस्त रद्द करून घेण्याची मुदत ती गोष्ट कळल्यापासून तीन वर्षांची आहे, हे लक्षात ठेवावे.

अशा लेखाचा शेवट स्वतःच्या कार्यालयाकडे न नेता तालुका विधी सेवा समितीकडे न्यावा. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७च्या कलम १२प्रमाणे स्त्रियांना, मुलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी साहाय्य मिळते, आणि १५१०० ही मदतवाहिनी आहे. ही एक ओळ लेखाच्या हेतूबद्दलची शंका दूर करते, आणि ज्या वाचकाला वकिलाची फी परवडत नाही, त्याच्या खरोखर उपयोगी पडते.

गोपनीयतेच्या बाबतीत मात्र मी कसलीही सवलत मानत नाही. पक्षकाराने व्यवसायाच्या संबंधातून सांगितलेली गोष्ट त्याच्या स्पष्ट संमतीशिवाय उघड करता येत नाही, आणि हे बंधन काम संपल्यानंतरही टिकते. पूर्वीच्या पुरावा कायद्यातील कलम १२६ आता भारतीय साक्ष अधिनियमात कलम १३२ म्हणून आले आहे. नाव गाळले की बंधन पाळले, असे मोठ्या शहरात कदाचित म्हणता येईल. तालुक्यात येत नाही. ‘नदीकाठच्या एका गावातील निवृत्त ग्रामसेवकाची थोरली सून’ असे लिहिले, तर बाजाराच्या दिवशी चहाच्या टपरीवर त्या बाईचे नाव निघते. त्यामुळे स्वतःच्या फायलींतली हकीकत वेश बदलून वापरण्यापेक्षा छापील निकालपत्रातील प्रकरण घ्यावे. तेथील तथ्ये आधीच सार्वजनिक असतात आणि वाचकाला पडताळताही येतात. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात तर पीडितेची ओळख उघड करणे हा स्वतंत्र गुन्हाच आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये सांगितल्याप्रमाणे नाव न देताही ओळख पटेल असा तपशील देता येत नाही. शाळेचे नाव, गावाचे नाव, वडिलांचा व्यवसाय, हे सगळे त्यात आले. बालकांच्या बाबतीत पोक्सो (बालकांचे लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण करणारा कायदा) आणि बाल न्याय कायद्यांची बंधने याशिवाय आहेत.

न्यायप्रविष्ट प्रकरणांवर काय बोलावे, याचा धडा महाडच्या इतिहासात आहे. चवदार तळ्याचा सत्याग्रह २० मार्च १९२७ला झाला. विरोधकांनी डिसेंबरमध्ये महाडच्या न्यायालयात दावा लावून तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. स्वतः बॅरिस्टर असलेल्या आणि त्या दाव्यात प्रतिवादी असलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी वर्षअखेरच्या परिषदेत तळ्यावरचा सत्याग्रह तहकूब ठेवला. मात्र परिषद थांबवली नाही, प्रश्नावरचे बोलणे थांबवले नाही आणि मनुस्मृतीचे दहनही तेव्हाच झाले. दाव्याचा अखेरचा निकाल मुंबई उच्च न्यायालयात मार्च १९३७मध्ये त्यांच्या बाजूने लागला. आदेश पाळणे आणि प्रश्न मांडत राहणे या दोन गोष्टी एकत्र कशा नांदू शकतात, हे यापेक्षा स्पष्टपणे मला सांगता येणार नाही.

आजचा कायदाही याच रेषेवर आहे. न्यायालय अवमान कायदा, १९७१चे कलम ५ निकाली निघालेल्या प्रकरणाच्या गुणवत्तेवर न्याय्य टीका करण्यास मोकळीक देते. त्यासाठी प्रकरण ‘निकाली’ कधी होते, हे मात्र पाहावे: अपील चालू असेल तर अपिलाचा निकाल लागेपर्यंत, आणि अपील केलेच नसेल तर अपिलाची मुदत संपेपर्यंत ते प्रलंबितच मानले जाते. टीका लिहिताना निकालपत्राचा परिच्छेद क्रमांक द्यावा, न्यायालयाचे म्हणणे आधी प्रामाणिकपणे मांडावे, मग आपला मतभेद सांगावा. न्यायाधीशांच्या हेतूवर एक शब्दही लिहू नये. त्यांच्या वर्तनाबद्दल तक्रार असेल, तर तिची जागा उच्च न्यायालयाची प्रशासकीय बाजू ही आहे, फेसबुक नव्हे. ज्येष्ठ वकील प्रशांत भूषण यांना २०२०मध्ये दोन ट्वीटबद्दल अवमानाचे दोषी ठरवून एक रुपया दंड झाला. त्या निकालाबद्दल कोणाचे मत काहीही असो, तशा लढ्यामागे उभे राहणारे पाठबळ छोट्या कार्यालयाकडे नसते, हे समजून लिहावे. आणि कोणावर आरोप करायचा, तर मूळ कागद स्वतः तपासल्याशिवाय करू नये. कोल्हापूरच्या दिवाणांविरुद्ध छापलेली पत्रे बनावट ठरल्यामुळे टिळक आणि आगरकर यांना १८८२मध्ये तुरुंगात जावे लागले होते. त्यांच्या सद्हेतूबद्दल कोणाला शंका नव्हती, तरीही.

व्यवसायाच्या प्रश्नांवर बोलताना संयमाबरोबर चिकाटी लागते. कोल्हापूरला उच्च न्यायालयाचे खंडपीठ व्हावे, ही कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतील वकिलांची मागणी कित्येक दशकांची होती. तेथे सर्किट बेंचचे, म्हणजे फिरत्या खंडपीठाचे, कामकाज अखेर १८ ऑगस्ट २०२५ला सुरू झाले. मुंबईला एका तारखेसाठी जाणाऱ्या पक्षकाराचे भाडे, मुक्काम आणि बुडालेला रोज हे त्या मागणीचे खरे बळ होते, आणि वकिलांनी आपल्या सोयीपेक्षा ते पुढे मांडले तेव्हा सामान्य माणूस त्यांच्यामागे उभा राहिला. हीच रीत इतर प्रश्नांनाही लावावी. महिला वकील आणि पक्षकार स्त्रियांसाठी स्वच्छतागृह नाही, न्यायाधीशांचे पद रिकामे आहे, कनिष्ठ वकिलाला वर्षभर विद्यावेतन मिळत नाही, हे विषय आकडे तारखेसह देऊन मांडता येतात. रिकाम्या पदाच्या प्रश्नासाठी आपल्या न्यायालयातील प्रलंबित खटल्यांचे आकडे राष्ट्रीय न्यायिक डेटा ग्रिड या संकेतस्थळावर मिळतात. कनिष्ठांना शहरी भागात दरमहा २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये किमान द्यावेत, अशी शिफारस बार कौन्सिल ऑफ इंडियाने २०२४मध्ये केली आहे. त्यावर लिहिण्यापूर्वी आपण आपल्या कनिष्ठाला काय देतो, ते पाहणे ओघानेच आले. कामबंदचे समर्थन मात्र करू नये. वकिलांना संपाचा अधिकार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००२मध्येच सांगितले आहे, आणि त्या दिवशी जामीन न मिळालेल्या आरोपीच्या आईला आपली बाजू पटवून देणे मला तरी शक्य वाटत नाही.

कार्यालयाची शिस्तही हवी. कनिष्ठाने मध्यरात्री टाकलेली पोस्ट गावात वरिष्ठांचेच मत म्हणून वाचली जाते. म्हणून प्रत्येक मजकूर दुसऱ्या सहकाऱ्याने वाचल्याशिवाय बाहेर जाऊ देऊ नये, आणि रागाच्या भरात लिहिलेला मजकूर एक रात्र तसाच ठेवावा. ‘साहेब, माझ्या बाबतीत काय होईल?’ असे कोणी खाली जाहीरपणे विचारले, तर कागद पाहिल्याशिवाय मत देता येत नाही, एवढेच सौजन्याने सांगून विधी सेवा समितीचा पत्ता द्यावा. तिथेच सल्ला सुरू केला, तर विचारणाऱ्याची बाजू विरुद्ध पक्षाच्या हाती पडते. चूक दाखवून दिली गेल्यास मूळ मजकूर गुपचूप न बदलता दुरुस्ती तारखेसह खाली लिहावी.

लिहिलेल्या सर्व मजकुराची एक नोंदवही ठेवावी आणि वर्षातून एकदा ती चाळावी. १ जुलै २०२४पासून नवे फौजदारी कायदे लागू झाले. विवाहितेच्या छळाचे ४९८-अ आता भारतीय न्याय संहितेत कलम ८५ व ८६ म्हणून आहे, पण त्या तारखेपूर्वी घडलेल्या गुन्ह्याला जुनी दंड संहिताच लागू होते. जुन्या लेखांखाली ही टीप घातलेली नसेल, तर ते लेख वाचून पोलीस ठाण्यात जाणाऱ्या बाईला तिथे चुकीचे कलम सांगावे लागेल.