प्लास्टर चढलं म्हणजे काम संपलं? ऑर्थो वॉर्डातल्या या चुका टाळा

ऑर्थोला, म्हणजे हाडांच्या वॉर्डात, नवीन आलेल्या सिस्टरांचा एक लाडका समज असतो: इथले पेशंट आजारी नसतात, नुसते मोडलेले असतात. हाड बसवलं, प्लास्टर चढवलं, आता वेळेवर इंजेक्शनं द्या, ड्रेसिंग करा आणि बेडपॅनसाठी मावशींना हाक मारा. मेडिसिनमधून बदलून आलेल्या सिस्टरसुद्धा 'चला, आता जरा आराम' म्हणत येतात. मग दर बॅचला त्याच त्या चुका. सगळ्यात महागात पडणारी आधी सांगते.

प्लास्टरखालचं दुखणं 'नाटक' समजणं

विशीतला मुलगा, दुचाकीवरून घसरलेला, नडगीचं हाड मोडलेलं. संध्याकाळी मांडीपर्यंत प्लास्टर चढलं. रात्री दहाच्या सुमारास तो कण्हायला लागला. दुखणं थांबवायचं डायक्लोफेनॅक दिलं. थोड्या वेळाने पुन्हा हाका, मग ट्रॅमाडॉल. मध्यरात्रीनंतर तो ओरडायलाच लागला, शेजारच्या बेडवरचे काका वैतागले आणि केस पेपरवर नोंद झाली: 'पेशंट सहकार्य करत नाही. बोटं गरम. पल्स लागते.' यातली बोटांची आणि पल्सची नोंद अगदी खरी होती. घोटाळा तिथेच झाला.

सकाळी हँडओव्हरला इनचार्जबाईंनी त्याच्या पायाचा अंगठा हलकेच खाली ओढला, तर पोरगा किंचाळत उठून बसला. प्लास्टर कापलं, धावपळ करून थिएटरमध्ये नेलं, फॅशिओटॉमी (स्नायूंवरचं घट्ट आवरण चिरून दाब मोकळा करणं) झाली. पण नडगीच्या पुढचे स्नायू तोवर काळपट पडले होते. पाय वाचला. पाऊल मात्र आता वर उचललं जात नाही, बुटात स्प्लिंट घालून चालतो.

याला, म्हणजे आतल्या सुजेने स्नायू आवरणात दाबले जाण्याला, कंपार्टमेंट सिंड्रोम म्हणतात आणि परीक्षेत याच्यावर पाच मार्कांचं उत्तर सगळ्यांनी लिहिलेलं असतं. तरी वॉर्डात चूक होते, कारण सगळ्यांचा भरवसा पल्सवर. धमनीतला दाब १२० मिमी (पाऱ्याच्या) आसपास असतो. स्नायूंना रक्त पोचवणाऱ्या बारीक केशवाहिन्यांमधला दाब त्याच्या पाव हिश्शाइतकाही नसतो. आतल्या सुजेचा दाब ३०-४० मिमीपर्यंत गेला की स्नायूंचा रक्तपुरवठा बंद पडतो, आणि तरीही पावलावर पल्स छान लागत राहते. बोटाला लावलेला पल्स ऑक्सिमीटरही ९८ दाखवतो. पल्स जायची वाट बघाल तर स्नायू आधी जातील. हातात साधारण सहा तास असतात, आणि ते आपण झोपलो तरी चालूच राहतात.

म्हणून माझी सवय अशी: औषधांच्या फेरीला गेले की प्लास्टरवाल्या प्रत्येक पेशंटचं बोट मी स्वतः धरून वर-खाली ओढते. 'बोटं हलवा' म्हणून पुढच्या बेडकडे वळणं म्हणजे तपासणी नव्हे. दुसरं, इंजेक्शन दिल्यावर तासाभराने परत जाऊन विचारते, 'कमी आहे की वाढलं?' हाड बसवून स्थिर केलं की दुखणं उतरायला हवं. औषध वाढतंय आणि दुखणंही वाढतंय, तर तिसरं इंजेक्शन भरू नका, डॉक्टरांना उठवा. लहान मुलं 'दुखतंय' असं नीट सांगत नाहीत, नुसती चिडचिड करतात. एपिड्युरल (पाठीतल्या नळीतून दिलेलं बधिर करणारं औषध) चालू असलेल्याला तर दुखणं जाणवणारच नाही, तिथे जास्त डोळसपणे बघा.

फोनवर 'सर, प्लास्टर जरा टाइट वाटतंय' एवढंच सांगितलं तर पलीकडून 'सकाळी बघू' येणारच. 'दोन इंजेक्शनं होऊनही दुखणं वाढतंय, अंगठा ओढला की ओरडतो, बोटांच्या बेचक्यात बधिरपणा आहे' असं सांगा. झोपलेला रेसिडेंट डॉक्टरही उठून येतो. वेळ लिहून ठेवा.

आणि प्लास्टर कापलं की खालचा कापूस आणि बँडेजही कातडी दिसेपर्यंत कापायला हवं. वरचं कवच फोडून आतला रक्ताने कडक झालेला कापूस तसाच ठेवला तर दाब पुरता उतरत नाही. एरवी सुजेसाठी पाय उशांवर उंच ठेवतो, पण ही शंका आली की पाय हृदयाच्या पातळीवर आणा. उंच ठेवला तर उरलासुरला रक्तपुरवठाही कमी होतो.

तपासणीच्या तक्त्याबद्दल एक सांगते. रात्रभराच्या सगळ्या खुणा एकाच शाईत, एकाच दमात मारलेल्या ओळखू येतात. इनचार्जला कळत नाही असं समजू नका.

ट्रॅक्शनचं वजन जमिनीवर टेकलेलं

खुब्याचं हाड मोडलेल्या आजी, पायाला स्किन ट्रॅक्शन (कातडीवर पट्टी बांधून दोरीने दिलेली ओढ), खाली वजन लावलेलं. दुपारी बघावं तर आजी घसरत घसरत बेडच्या पायथ्याशी आलेल्या, पाऊल पुलीला टेकलेलं आणि वजन फरशीवर विसावलेलं. म्हणजे ट्रॅक्शन शून्य, आणि केस पेपरवर 'ट्रॅक्शन चालू'. दोरी खेचते तेव्हा उलट्या बाजूनेही ओढ असावी लागते. म्हणून बेडची पायाकडची बाजू ठोकळ्यांवर उंच करायची, म्हणजे पेशंटचं स्वतःचं वजन ती ओढ देतं. ठोकळे मिळत नाहीत ही सबब मी ऐकत नाही. स्टोअरला चिठ्ठी पाठवा, नाहीतर विटा आणा.

चादर बदलताना वजन उचलून बेडवर ठेवणारे मामा तर माझ्या वैऱ्यांच्या यादीत आहेत. 'दोनच मिनिटं सिस्टर.' त्या दोन मिनिटांत मांडीचे स्नायू आखडतात, मोडलेली टोकं एकमेकांवर सरकतात आणि आजी कळवळतात. वजन काढायचं ते डॉक्टरांनी सांगितलं तरच. आणि स्किन ट्रॅक्शनला साधारण ५ किलोच्या वर जाऊ नका, म्हाताऱ्या माणसाची कातडी सोलून निघते.

त्याहून लपलेला धोका गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला आहे. तिथे फिब्युलाच्या (नडगीशेजारच्या बारीक हाडाच्या) मानेला वळसा घालून एक नस, म्हणजे मज्जातंतू, अगदी कातडीखालून जाते. ट्रॅक्शनमधला पाय बाहेरच्या बाजूला कलंडतो, तो भाग फ्रेमवर किंवा घट्ट बँडेजवर दाबला जातो आणि पाऊल लुळं पडतं. तिथून बँडेज नेऊ नका, पाय सरळ राहील असा आधार द्या आणि दर फेरीला 'आजी, अंगठा तोंडाकडे ओढा बघू' एवढं म्हणा. टाचही उचलून बघा. टाचेचा व्रण पडायला एक रात्र पुरते, भरायला महिने जातात.

मांडीचं हाड मोडलेला तरुण पेशंट एक-दोन दिवसांनी असंबद्ध बोलायला लागला की नातेवाईक म्हणतात धक्का बसलाय, आपण म्हणतो दारू सुटलीय. दोन्ही असू शकतं. पण आधी श्वास मोजा, ऑक्सिजन बघा, छाती, काख आणि पापणीची आतली बाजू यावर बारीक लाल ठिपके शोधा. फॅट एम्बोलिझम (मोडलेल्या हाडातली चरबी रक्तातून फुप्फुसात, मेंदूत जाऊन अडकणं) बहुधा २४ ते ७२ तासांत दिसतो. झोपेचं इंजेक्शन हा त्यावरचा उपाय नाही.

आता भराभर.

मनगट मोडून आलेल्या बाईच्या हिरव्या बांगड्या आणि अंगठी सूज यायच्या आधी काढा. पाय असेल तर जोडवी. 'सवाष्ण आहे, राहू दे' म्हणणाऱ्या सासूबाईंना नीट समजवा, जोडवी दुसऱ्या पायात घालता येतात. नेलपेंटही पुसा, नखाचा रंग दिसायला हवा.

ओलं प्लास्टर तळहातांवर पेला, बोटांनी दाबू नका. बोटाचा खड्डा आत कातडीला टोचत राहतो. रेक्झिनच्या उशीवर ठेवू नका, झाकू नका, पंखा लावा. पुरतं वाळायला दोन-तीन दिवस लागतात.

स्पायनल (कमरेतून भूल) दिलेल्याच्या पायाला गरम पाण्याची पिशवी कधीच नाही. पाय सुन्न असतो, भाजलेलं कळत नाही.

ऑपरेशनआधी उपाशी ठेवलेल्यासाठी दुधाचा चहा म्हणजे पाणी नव्हे. 'उपाशी आहे, फक्त चहा घेतला' असं कळलं तर लपवू नका, भूल देणाऱ्या डॉक्टरांना सांगा.

ड्रेनची (जखमेतलं रक्त ओढून घेणाऱ्या नळीची) डबी फुगलेली दिसली तर व्हॅक्यूम गेलाय. रिकामी करा, मोजा, दाबून परत लावा.

ऑपरेशननंतर पेशंट तळमळत असेल तर आधी ओटीपोटावर हात ठेवा. लघवी तुंबलेली निघते.

पोटरी सुजून दुखत असेल तर तेलाची मालीश बंद. आतली गुठळी सुटून फुप्फुसात जाऊ शकते. नातेवाइकांच्या हातातली बाटली प्रेमाने काढून घ्या.

डिस्चार्जला 'काळजी घ्या' एवढं पुरत नाही. खुब्याचा सांधा बदललेल्यांना मांडी घालून बसणं, पायावर पाय टाकणं आणि भारतीय संडास हे तिन्ही नावं घेऊन सांगा, नाहीतर ते घरी पोचताच देवापुढे मांडी घालतात. प्लास्टरवाल्यांना सांगा की खाज आली तरी आत फूटपट्टी किंवा विणायची सुई घालायची नाही. बोटं सुजली, बधिर झाली, निळसर पडली किंवा गोळी घेऊनही दुखणं वाढलं, तर सकाळची वाट न बघता यायचं. हे कार्डावर मराठीत, मोठ्या अक्षरात लिहा. त्यावरचं इंग्रजी घरी कोण वाचणार आहे?