पंखे फिरतात, पण डिस्प्ले येत नाही

२०२२च्या दिवाळीच्या सुट्टीत मी पुण्याच्या तपकीर गल्लीतून आयुष्यातल्या पहिल्या पीसीचे पार्ट घेतले आणि स्वारगेटला साताऱ्याची एसटी पकडली. कॅबिनेट पायांत, मदरबोर्डचा खोका मांडीवर, आणि प्रोसेसर सॅकमध्ये स्वेटरात गुंडाळलेला. एएमडीचा रायझन ५ ५६०० प्रोसेसर, बी४५० चिपसेटचा बोर्ड, आठ-आठ जीबीच्या दोन रॅम आणि मित्राकडून घेतलेलं जुनं जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्ड. रात्री साडेनऊला सगळं जोडून झालं. बटण दाबलं. पंखे फिरले, दिवे लागले. मॉनिटरवर मात्र 'नो सिग्नल'.

"पंखे फिरतायत म्हणजे चालूच आहे की," बाबा म्हणाले.

तेव्हा राग आला होता. पुढे दोन वर्षं शनिवार-रविवारी एका दुकानात असेंब्लीच्या टेबलावर बसलो, तेव्हा कळलं की नवीन पीसी घेऊन रडवेल्या चेहऱ्याने येणारा जवळजवळ प्रत्येक जण हेच वाक्य बोलतो. पंखे फिरतात याचा अर्थ एवढाच, की एसएमपीएसमधून, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्यातून, करंट येतोय आणि पॉवर बटणाची वायर बरोबर पिनांवर बसली आहे. प्रोसेसर जागा झाला का, त्याला रॅम सापडली का, यातलं पंखा काहीच सांगत नाही.

ते सांगतात बोर्डावरचे चार बारीक दिवे. बहुतेक ते चोवीस पिनांच्या मोठ्या कनेक्टरजवळ, कडेला असतात आणि शेजारी सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स), बूट (डिस्क) असं लिहिलेलं असतं. पीसी सुरू होताना बोर्ड एकेक गोष्ट तपासतो आणि जिथे अडतो तिथला दिवा लागून राहतो. स्वस्त बोर्डावर हे दिवे नसतात. तिथे चाळीस-पन्नास रुपयांचा छोटा स्पीकर पिनांवर लावायचा आणि बीप मोजायचे. माझ्या बोर्डावर दिवे होते, पण मी त्यांच्याकडे बघितलंच नाही. सगळं लक्ष मॉनिटरवर. ही माझी पहिली चूक, आणि तिच्यापायी माझे दोन दिवस गेले.

दुसरी चूक जास्त मजेशीर आहे. मी एचडीएमआयची केबल मदरबोर्डाच्या पोर्टमध्ये लावली होती. ५६०० मध्ये ग्राफिक्स, म्हणजे मॉनिटरला चित्र पाठवणारा भाग, नसतंच (५६००जी मध्ये असतं, शेवटच्या एका अक्षराचा खेळ), त्यामुळे बोर्डावरचं ते पोर्ट माझ्यासाठी नुसतं भोक. इंटेलच्या १२४००एफ सारख्या 'एफ'वाल्या प्रोसेसरचंही तेच. रात्री अकराला कुठेतरी हे वाचलं, केबल काढून ग्राफिक्स कार्डाला लावली. तरी नो सिग्नल. म्हणजे हे कारण नव्हतं, असं ठरवून मी केबल परत बोर्डाला लावून टाकली.

नवीन जोडणीत बिघाड एकच असेल असं धरून चालू नका. दोन असले तर पहिला दुरुस्त करूनही पडदा काळाच राहतो, आणि आपण बरोबर केलेलं पुन्हा बिघडवतो. बरोबर झालेली गोष्ट बरोबरच ठेवायची आणि पुढे जायचं. आता मी टेबलावर कागद ठेवतो, काय बदललं ते लिहितो, आणि एका वेळी एकच बदल करतो. दुकानातला सिनियर दादा या कागदाला 'केसपेपर' म्हणायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोहल्ल्यातल्या रिपेअरवाल्या काकांना फोन केला. ते म्हणाले, "रॅमला खोडरबर मार." हा सल्ला महाराष्ट्रभर मिळतो. जुन्या मशीनमध्ये सोनेरी पट्ट्यांवर मळ बसतो, तिथे तो खरंच लागू पडतो. कालच पाकिटातून काढलेल्या रॅमला खोडरबराची गरज नसते, तिला जोर लागतो. रॅम बसताना 'टक' असा आवाज यायला हवा. ज्या बोर्डावर खटका एकाच बाजूला असतो, तिथे दुसरं टोक अर्धवट वर राहिलेलं पटकन दिसत नाही. चार स्लॉट असतील तर प्रोसेसरपासून मोजून दुसरा आणि चौथा वापरायचा. तपासताना एकच रॅम, दुसऱ्या स्लॉटमध्ये. मी हे सगळं केलं. काही फरक नाही.

मग बोर्ड कॅबिनेटमधून बाहेर काढला. आता कुणालाही सांगताना मी हे आधी सांगतो: फार काळ कॅबिनेटच्या आत डोकं घालून बसू नका. वायर काढा, एसएमपीएसचं मागचं बटण बंद करा, पॉवर बटण पाच-दहा सेकंद दाबून उरलासुरला करंट जाऊ द्या, कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात लावून अंगातली स्टॅटिक घालवा, आणि बोर्ड त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवा. बोर्ड ज्या चंदेरी पिशवीत येतो तिच्यावर ठेवून चालू करू नका, त्या पिशवीतून करंट जाऊ शकतो. प्रोसेसर, कूलर, एक रॅम, कार्ड, दोन पॉवर केबल. बस. हार्ड डिस्क, एसएसडी, समोरचे यूएसबी, आरजीबीच्या वायरी, सगळं बाजूला. पॉवर बटणाच्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवलं की मशीन सुरू होतं. पहिल्यांदा हात थरथरतो. त्या पिनांवर फार तर पाच व्होल्ट असतात, धक्का बसत नाही. फक्त बरोबर त्याच दोन पिना हव्यात, मॅन्युअल उघडून बघा. आणि एसएमपीएसचा डबा मात्र काहीही झालं तरी उघडायचा नाही, वायर काढल्यावरही आत चार्ज राहतो.

बाहेर काढल्यावर आतलं बरंच उघडं पडतं. कॅबिनेटला पितळी स्टँडऑफ असतात, त्यांच्यावर बोर्ड बसतो. बोर्डाला जिथे भोक नाही तिथे एखादा जास्तीचा राहिला की तो मागून शॉर्ट करतो. दुकानात असं एक मशीन आलं होतं, बाहेर ठेवलं की चालायचं, कॅबिनेटमध्ये घातलं की मरायचं. आणखी एक नेहमीची गोष्ट म्हणजे प्रोसेसरची वेगळी पॉवर. बोर्डाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात आठ पिनांचा सॉकेट असतो, त्यात एसएमपीएसची चार अधिक चारवाली केबल जाते. ग्राफिक्स कार्डाची सहा अधिक दोनवाली केबल दिसते तशीच, पण ती तिथली नव्हे. पिनांचा आकार वेगळा असतो, जोर लावून घुसवायची नाही. चोवीस पिनांची लावली आणि ही विसरली, तर पंखे फिरतात आणि बाकी शांतता.

माझं हे सगळं बरोबर होतं. खोक्यावर ठेवून सुरू केलं तेव्हा कुठे माझी नजर त्या दिव्यांवर गेली. सीपीयूचा लाल दिवा लागलेला, हलायला तयार नाही.

काळजात धस्स झालं. साडेबारा हजारांचा प्रोसेसर मेला? कूलर उपटून पिना बघायला निघालो होतो, सुदैवाने तेवढ्यात जेवायला हाक आली. एएम४ (माझ्या बोर्डाचा सॉकेट) प्रोसेसरच्या पिना प्रोसेसरलाच असतात आणि मधली थंड झालेली पेस्ट कूलरला अशी धरून ठेवते, की सरळ वर ओढला तर प्रोसेसर सॉकेटातून उपटून येतो. काढायचाच असेल तर आधी कूलर थोडा डावीउजवीकडे फिरवून सैल करायचा. इंटेलसारख्या एलजीए सॉकेटात उलटं, पिना बोर्डावर असतात, म्हणून तसा बोर्ड घेताना दुकानातच सॉकेटचा फोटो काढून घ्या. वाकलेल्या पिनांना वॉरंटी मिळणं अवघड.

जेवताना डोकं थंड झालं. बी४५० बोर्ड २०१८ सालचे आणि ५६०० बाजारात आला एप्रिल २०२२ मध्ये. सॉकेट एकच म्हणून तो बसतो, पण बोर्डाच्या बायोसला, म्हणजे बोर्डात भरलेल्या मूळ सॉफ्टवेअरला, त्याची ओळखच नसेल तर? बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवर प्रत्येक बोर्डाची प्रोसेसर यादी असते आणि पुढे कुठल्या बायोसपासून चालेल ते लिहिलेलं असतं. माझ्या खोक्यावर रायझन ५००० चालतो असं स्टिकर नव्हतं. दुकानदाराने शेल्फवर पडून असलेला माल दिला होता, आणि मीही विचारलं नव्हतं.

नशीब असं, की बोर्डामागे बायोस फ्लॅश करायचं, म्हणजे नवा भरायचं, बटण होतं. त्याला प्रोसेसर चालू असावा लागत नाही. पेन ड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट करायचा, फाइलला मॅन्युअलमध्ये दिलेलं नाव द्यायचं, ठरलेल्या यूएसबी पोर्टमध्ये लावायचा आणि बटण दाबायचं. दिवा लुकलुकत राहतो, तो थांबेपर्यंत लाइट जाता कामा नये. आमच्याकडे लाइटचा भरवसा नाही, म्हणून शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडून यूपीएस मागून आणला. पाच-सहा मिनिटं मी कुणाला स्विचबोर्डाजवळ फिरकू दिलं नाही.

लुकलुकणं थांबलं. पुन्हा सुरू केलं. सीपीयूचा दिवा लागला, विझला. डीरॅम लागला, विझला. आणि मॉनिटरवर नो सिग्नल.

मी कपाळाला हात लावून बसलो. बहीण कीबोर्डाशी चाळा करत होती. ती म्हणाली, "दादा, नम लॉकचा लाइट लागतोय बघ."

नम लॉक दाबल्यावर दिवा लागतो-विझतो म्हणजे मशीन पूर्ण जागं आहे. बोर्डावरही आता फक्त बूटचा दिवा होता. तो लागणारच, एसएसडी जोडलेलीच नव्हती. मशीन चाललं होतं, चित्र मात्र माझ्यापर्यंत पोचत नव्हतं. मग केबलकडे बघितलं. ती अजून बोर्डाच्या त्याच भोकात होती.

डीडीआर५चं, म्हणजे नव्या पिढीच्या रॅमचं, मशीन जोडणाऱ्यांनी यात एक भर घालावी. एएम५ वर, म्हणजे एएम४ नंतरच्या सॉकेटवर, पहिल्या वेळी रॅमचं ट्रेनिंग होतं (बोर्ड रॅमशी जुळवून घेतो), त्यात काही मिनिटं पडदा काळा राहतो आणि डीरॅमचा दिवा लागलेला दिसतो. तो बिघाड नव्हे. चहा करून या, मध्येच बंद करू नका.

केबल कार्डाला लावली आणि बायोसची स्क्रीन आली. ३२००ची रॅम २१३३ वर दिसत होती, तेही आधी कळलं नाही. बायोसमधलं एक्सएमपी हे सेटिंग चालू केल्याशिवाय तिचा पूर्ण वेग मिळत नाही. बाबा झोपायला निघाले होते, त्यांना दाखवायचं म्हणून घाईत एक्सएमपी चालू केलं, सेव्ह केलं. पंखे फिरले. पडदा काळा.

"परत गेलं का?" बाबांनी दारातून विचारलं.

मी आधी दिवे बघितले. डीरॅम. वायर काढली, बायोसची सेटिंग मूळ पदावर यावीत म्हणून बोर्डावरचा गोल सेल नखाने उचकटून पाच मिनिटं बाहेर ठेवला, परत बसवला. "नाही," म्हटलं, "येईल आता."