ईएसबीला ब्रोकर जोडताना मेसेज हरवू नये म्हणून काय करायचं

ईएसबी म्हणजे वेगवेगळ्या सिस्टिम्समध्ये मेसेज पोचवणारं सॉफ्टवेअर, आणि ब्रोकर म्हणजे ते मेसेज क्यूत, म्हणजे रांगेत, सांभाळून ठेवणारा सर्व्हर. मी इथे ईएसबी म्हणून डब्ल्यूएसओटूचा मायक्रो इंटिग्रेटर आणि ब्रोकर म्हणून अ‍ॅक्टिव्हएमक्यू क्लासिक ही जोडी धरून लिहितोय, कारण रोजचं काम याच्यावरच. जोडणी तासाभरात होते हो, पण जोडलं म्हणजे झालं असं समजू नका, खरं काम त्याच्यापुढे आहे.

आधी ब्रोकर चालू करा. क्लायंटसाठी (म्हणजे ब्रोकरला जोडणाऱ्या प्रोग्रॅमसाठी, इथे इंटिग्रेटर) पोर्ट ६१६१६, वेब कन्सोल ८१६१ वर. मग ब्रोकरच्या लिब फोल्डरमधले क्लायंटचे जार (जावाच्या लायब्ररी फाइली) आणि त्यांना लागणारे जेएमएस (जावाचं मेसेजिंगचं स्टँडर्ड), हॉटबफ वगैरे जार उचलून इंटिग्रेटरच्या लिबमध्ये टाका आणि इंटिग्रेटर रीस्टार्ट करा. जार त्याच ब्रोकरच्या व्हर्जनचे घ्या, कुठल्या तरी जुन्या प्रोजेक्टमधून कॉपी करू नका. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये ओपनवायरमधलं (ब्रोकर आणि क्लायंट ज्या प्रोटोकॉलने बोलतात तो) मोठं भोक बाहेर आलं, बाहेरचा माणूस थेट आपल्या मशीनवर कमांड चालवू शकेल असं, आणि ते ब्रोकरइतकंच क्लायंटच्या जारमध्येही होतं. ५.१८ वापरत असाल तर किमान ५.१८.३ पाहिजे, आणि दोन्हीकडे.

आता कॉन्फ फोल्डरमधली डिप्लॉयमेंटची टॉमल फाइल उघडा. त्यात जेएमएस लिसनर (क्यूतून उचलणारा) आणि जेएमएस सेंडर (क्यूत टाकणारा) असे दोन वेगळे भाग लिहायचे, दोन्हीत अ‍ॅक्टिव्हएमक्यूच्या कॉन्टेक्स्ट फॅक्टरीचं पूर्ण नाव, ब्रोकरचा टीसीपी पत्ता आणि कनेक्शन फॅक्टरीचं नाव. दोन ब्रोकर असतील तर पत्त्याच्या जागी फेलओव्हर लिहून कंसात दोन्ही पत्ते द्या, म्हणजे एक पडला की क्लायंट आपोआप दुसऱ्याकडे जातो.

क्यूत मेसेज टाकणाऱ्या बाजूला दोन गोष्टी नेहमी अडकवतात. एक म्हणजे एंडपॉइंटचा पत्ता एक्सएमएलमध्ये असतो, तिथे नुसता अँपरसँड चालत नाही, एस्केप करूनच लिहावा लागतो, नाहीतर प्रॉक्सी (ईएसबीमधली मेसेज घेऊन पुढे देणारी सर्व्हिस) डिप्लॉयच होत नाही. दुसरं, आउट ओन्ली प्रॉपर्टी (फक्त पाठवायचं, उत्तर नको) ट्रू करा. ती विसरलात तर ईएसबी उत्तराची वाट बघत ३० सेकंद बसतो आणि मग टाइमआउट फेकतो, मेसेज मात्र क्यूत व्यवस्थित पडलेला असतो, आणि ऑर्डर पाठवणारा एरर बघून परत पाठवतो, झाली डबल ऑर्डर. क्यूतून उचलणाऱ्या प्रॉक्सीला कंटेंट टाइपही सांगा, नाहीतर तुमचं जेसॉन साधा टेक्स्ट म्हणून पुढे जातं.

आता मुख्य मुद्दा. मी एकदा एका ठिकाणी असंच सगळं जोडून दिलं होतं, कन्सोलवर पेंडिंग (क्यूत उरलेले मेसेज) शून्य दिसत होतं, सगळे खूश, आणि संध्याकाळी कळलं की बॅकएंड (ऑर्डर शेवटी जिथे जाते ती सिस्टिम) दुपारी बंद पडला होता आणि तेवढ्या वेळातल्या ऑर्डरी कुठेच नाहीत. ईएसबीने मेसेज उचलला, ब्रोकरला पोच दिली, बॅकएंडला कॉल फेल झाला, विषय संपला. चूक माझ्या सेटिंगची होती, तेव्हापासून पुढच्या चार गोष्टी बघितल्याशिवाय मी काही लाइव्ह जाऊ देत नाही.

लिसनरवर सेशन ट्रान्झॅक्टेड ट्रू, म्हणजे काम पूर्ण झाल्यावरच ब्रोकरला पोच जाते. कॅश लेव्हल कन्झ्युमर, नाहीतर रीडिलिव्हरीचा (मेसेज परत देण्याचा) हिशेब नीट लागत नाही. फॉल्ट सीक्वेन्समध्ये (एरर आल्यावर चालणारा भाग) सेट रोलबॅक ओन्ली ट्रू, म्हणजे मेसेज क्यूत परत जातो, हे नसेल तर एरर येऊनही ट्रान्झॅक्शन कमिट होतं. आणि बॅकएंडचा कॉल ब्लॉकिंग (उत्तर येईपर्यंत थांबणारा) ठेवा, कारण नॉन-ब्लॉकिंगमध्ये उत्तर यायच्या आधीच थ्रेड मोकळा होतो आणि मेसेजची पोच जाते.

इथेही थांबू नका. अ‍ॅक्टिव्हएमक्यू डिफॉल्टने ६ वेळा परत देतो, दर वेळी १ सेकंद थांबून, आणि मग मेसेज डेड लेटर क्यूत, म्हणजे न पोचलेल्या मेसेजच्या वेगळ्या रांगेत. म्हणजे साधारण ६ सेकंदांत खेळ खलास, इतक्यात कुठला बॅकएंड रीस्टार्ट होतो? ब्रोकरच्या पत्त्यातच रीडिलिव्हरी पॉलिसी जोडा, पहिला विलंब ५ सेकंद, एक्स्पोनेन्शियल बॅकऑफ (दर वेळी विलंब वाढत जाणं) चालू, गुणक २. मग ५, १०, २०, ४०, ८०, १६० करत एकूण ३१५ सेकंद मिळतात, सव्वापाच मिनिटं. पण तेवढा वेळ त्या कन्झ्युमरचे मागचे मेसेजही थांबतात हे लक्षात असू द्या, आणि प्रीफेच (कन्झ्युमरला आगाऊ दिलेल्या मेसेजची संख्या) डिफॉल्टला १००० असतो, म्हणजे एकच कन्झ्युमर ढीगभर मेसेज घेऊन बसलेला असतो आणि बाकीचे रिकामे. एकेका मेसेजला वेळ लागत असेल तर प्रीफेच १ करा.

रोलबॅक आला की तोच मेसेज दोनदा जाऊ शकतो, त्यामुळे बॅकएंडवाल्यांना सांगून ठेवा की ऑर्डर नंबर आधी आलाय का ते तपासा.

टेस्ट अशी करा: बॅकएंड मुद्दाम बंद करा, कन्सोलमधून क्यूत एकच मेसेज टाका आणि लॉग बघत बसा. एरर ५ सेकंदांनी परत आली पाहिजे, मग १० ने, मग २० ने, आणि तोपर्यंत कन्सोलवर पेंडिंग १ च राहिलं पाहिजे. मध्येच बॅकएंड चालू करा, पुढच्या फेरीला पेंडिंग शून्य होऊन बॅकएंडमध्ये ती ऑर्डर दिसली पाहिजे. पेंडिंग पहिल्याच एररला शून्य झालं तर कॉल ब्लॉकिंग आहे का ते आधी बघा, माझ्या अनुभवात बहुतेक वेळा तिथेच राहिलेलं असतं.