दुसरीला पंचवीस शिकवताना

माझी पहिली नेमणूक जत तालुक्याच्या पूर्व भागात झाली. शाळा मराठी माध्यमाची, पण निम्म्या पोरांच्या घरी कन्नड. दुसरीच्या वर्गात मी 'पंचवीस' म्हटलं की मराठी बोलणारी पोरं हमखास 52 लिहायची. कन्नड घरातली पोरं आधी गोंधळून माझ्या तोंडाकडे बघायची, पण आकडा कळला की 25 बरोबर लिहायची. याचं कारण कळायला मला एक सत्र लागलं. कन्नडात पंचवीसला 'इप्पत्तैदु' म्हणतात. इप्पत्तु म्हणजे वीस, ऐदु म्हणजे पाच. आधी वीस, मग पाच, लिहायचाही क्रम तोच. आपल्या मराठीत पाच आधी तोंडात येतो आणि हात तोंडाच्या मागे जातो. 52 लिहिणारं पोरगं ढ नसतं, ते ऐकलं तसं लिहीत असतं.

आता मी तासगावकडे आहे. पहिली-दुसरी एकाच खोलीत, बाई मी एकटीच. नव्याने रुजू झालेल्या शिक्षकांसाठी आणि घरी शिकवणाऱ्या आयांसाठी माझी पद्धत लिहून ठेवते.

सामान फुकटचं. जुन्या खराट्याचे हीर बोटभर लांबीचे तोडून घ्या, दर पोरामागे पन्नासेक, आणि रबरांचा पुडा. पहिला आठवडा पाटी-पेन्सिल काढूच नका. हीर मोजायचे, दहा झाले की रबर लावायचं, एवढंच. गठ्ठे पोरांनीच बांधायचे. सुरुवातीला वेळ वाचावा म्हणून मी घरून गठ्ठे बांधून नेले होते. दोन गठ्ठे आणि पाच सुटे हीर ठेवून किती म्हणून विचारलं, तर एक पोरगी म्हणाली, "सात." तिने आत दहा घातले नव्हते, तिच्या लेखी गठ्ठा ही एकच वस्तू होती. तेव्हापासून मी मधेच सांगते, "सोड बघू गठ्ठा, मोजून दाखव, परत बांध." जतकडच्या पोरांना हे लवकर कळायचं, कारण कडब्याच्या पाच पेंढ्यांचा पाचुंदा त्यांनी घरी बांधताना पाहिलेला असायचा. दोन पाचुंदे म्हणजे एक दशक, असं मी त्यांना सांगायची.

मग बोलणं. एकाच ढिगाला तीन नावं, आणि तीही क्रमाने. पहिले काही दिवस फक्त 'दोन दशक पाच सुटे'. ते जिभेवर बसलं की 'वीस आणि पाच'. पंचवीस सगळ्यात शेवटी. 2019 साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' अशी वाचनाची पद्धत आली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, आठवत असेल. गावात पारावर मलाही विचारलं, "बाई, आता बावीस म्हणायचं न्हाय का?" म्हणायचं की. बाजारात भाव बावीसच सांगणार, आजी बावीसच म्हणणार. पण मधली पायरी म्हणून 'वीस दोन' चांगली आहे, ती मी त्याआधीपासून वापरत होते.

लिहायला घेताना फरशीवर खडूने दोन घरं आखा, डावीकडे गठ्ठ्यांचं, उजवीकडे सुट्यांचं. इथे माझी चूक सांगते. मी पोरांसमोर तोंड करून बसायची, त्यामुळे माझं डावं ते त्यांचं उजवं. पंधरा दिवस त्यांना उलट्या बाजूने दाखवत होते आणि वर चिडतही होते. पोराच्या शेजारी, त्याच्याच दिशेला तोंड करून बसा. आणि या काळात संख्या तोंडाने सांगून लिहून घेऊ नका. हीर ठेवा, ते बघून लिहू दे. ऐकून लिहिणं महिन्याने. तेव्हाही मी पोरांना हात वर ठेवायला लावते. 'पंचवीस' ऐकायचं, मनात 'वीस पाच' करायचं, मग हात खाली.

एकोणतीसला एक आख्खा तास द्या. तिसाच्या जवळ जाऊन एकाने कमी, हे पाठ करून कळत नाही. मी तीन गठ्ठे ठेवते आणि म्हणते, "यातला एक हीर मला दे." पोरगं गठ्ठ्यातून हीर ओढतं, रबर ढिलं होतं, हीर फरशीवर पसरतात. "बाई, गठ्ठा मोडला की ओ!" हेच हवं असतं. तीस होते, एक घेतला, गठ्ठा मोडला, उरले दोन गठ्ठे नि नऊ सुटे. एक उणा तीस, एकोणतीस. असंच एकोणचाळीस, एकोणपन्नास करत एकोणनव्वदपर्यंत जा. नव्व्याण्णवला मात्र ही युक्ती चालत नाही, ते तसंच लक्षात ठेवायचं. एका पोराने मला 'एकोणशंभर' म्हणून दाखवलं होतं. मी त्याला खोडलं नाही.

पन्नाशीचं घर सगळ्यात शेवटी घ्या, क्रम मोडला तरी चालेल. बावीस, बत्तीस, बेचाळीस यांत वीस, तीस, चाळीस कानाला सापडतात. बावन्न, सत्तावन्नमध्ये पन्नास ऐकूच येत नाही. शिवाय सत्तावन्नमधला 'सत्ता' ऐकून पोरं सत्तरच्या घरात शिरतात. पंचावन्न आणि पंच्याण्णव तर मोठ्यांनाही फोनवर दोनदा सांगावे लागतात.

पहिलीची पोरं तोवर काय करतात? चिंचोके. लहान-मोठे वेगळे करा, पाच-पाचच्या ओळी लावा, मुठीत किती मावतात ते बघा. नाकाकानाकडे लक्ष ठेवा, बाकी काही लागत नाही.

रोजचा सराव खिचडीवर होतो. हजेरी झाली की दुसरीतलं एकजण ताटल्या दहा-दहाच्या थप्प्यांत लावतं आणि स्वयंपाकाच्या मावशींना आकडा सांगून येतं. परवा एकजण दोन थप्प्या, आठ सुट्या मोजून गेला आणि धावत जाताना 'ब्याऐंशी' सांगून आला. मावशी कमरेवर हात ठेवून दारात उभ्या, "बाई, पटावर नाहीत एवढी पोरं आणली कुठनं?" तो परत थप्प्यांकडे गेला, बोट लावून पुटपुटला, मग म्हणाला, "अठ्ठावीस." मी मधे बोलले नव्हते.

आयांना एकच विनंती. '1 ते 100 दहा वेळा लिही' हा अभ्यास देऊ नका. तुमचं पोरगं लिहिताना एकदा शेजारी बसून बघा. ते आधी वरून खाली दहा वेळा 2 लिहितं आणि मग त्यापुढे शून्यापासून नऊपर्यंत भरत येतं. वही देखणी होते, पण वीस ते एकोणतीसमधली एकही संख्या त्याने लिहिलेली नसते. त्यापेक्षा अंड्यांचा ट्रे, बांगड्या, शेंगा, काहीही मोजायला द्या.

शंभराचा दिवस मी शनिवारी सकाळच्या शाळेत ठेवते. दहा गठ्ठे एकत्र बांधायचे, दोघांनी दाबून धरायचे, तिसऱ्याने बांधायचं. इथे रबर वापरू नका, ते तुटतं आणि शंभर हीर वर्गभर होतात. सुतळी घ्या, जाड.