भांडण इंग्रजीत सांगायचं तर : एकट्या 'फाइट'वर भागत नाही

माझ्या संध्याकाळच्या इंग्रजीच्या वर्गात एक ताई येतात. एका खासगी कंपनीत हिशेबाचं काम करतात. गौरी-गणपतीच्या रजेवरून त्यांचं टीम लीडरशी जमेना, म्हणून त्यांनी वरिष्ठांना मेल पाठवला : 'आय हॅड अ फाइट विथ माय टीम लीडर.' दुसऱ्या दिवशी त्यांना केबिनमध्ये बोलावलं, दार लावून घेतलं आणि विचारलं, "हात कुणी उगारला?" ताई रडकुंडीला आल्या. घडलं होतं एवढंच, की त्या तीन दिवस मागत होत्या आणि तो दोनच द्यायला तयार होता.

त्यांच्या वाक्यात व्याकरणाची एकही चूक नव्हती. शब्द मात्र प्रसंगापेक्षा फार जड होता. मराठीत आपल्याकडे कुरबुरीपासून खडाजंगीपर्यंत भांडणाची केवढी शब्दसंपत्ती आहे, पण इंग्रजीत शिरलो की आपण एकटा 'फाइट' घेऊन फिरतो. म्हणून वर्गात मी इंग्रजी शब्दांची यादी पाठ करायला देत नाही. सुरुवात मराठीपासून करायला सांगते.

पहिली पायरी : मराठीत वजन ठरवा

झालेला प्रसंग आठवा आणि शेजारणीला सांगताना तुम्ही कोणता शब्द वापराल ते बघा. नुसतं मत पटलं नाही? खटका उडाला? हुज्जत झाली? हमरीतुमरीवर आलं? की बोलणंच बंद झालं? हे एकदा ठरलं की अर्धं काम झालं, कारण इंग्रजीतही जवळपास अशाच उतरंडीने शब्द आहेत.

दुसरी पायरी : त्या वजनाचा इंग्रजी शब्द उचला

मत पटलं नाही, आवाज चढला नाही, तर 'डिसअग्रीमेंट'. ताईंना हवा होता तो हाच शब्द. 'वी हॅड अ डिसअग्रीमेंट अबाउट माय लीव्ह.' ऑफिसच्या मेलमध्ये हा शब्द निर्धोक आहे, वाचणारा दचकत नाही.

नवरा-बायकोत, मैत्रिणींत चहा गार होईपर्यंत टिकणारा खटका उडतो, त्याला 'टिफ' किंवा 'स्पॅट' म्हणतात. रिमोटवरून, खिडकीच्या जागेवरून भावंडांचं दिवसभर चालतं ते 'बिकरिंग' किंवा 'स्क्वॉबल'. मुद्दा सोडून बारीकसारीक शब्दावर अडून बसणं म्हणजे 'क्विबल'. भाजीवाल्याशी दोन रुपयांवरून घासाघीस होते ते मात्र 'हॅगल'. ते भांडणच नव्हे, त्यामुळे तिथे 'फाइट' म्हणू नये.

'आर्ग्युमेंट' हा सगळ्यात कामाचा शब्द, आणि त्याला दोन चेहरे आहेत. एक वादाचा आणि एक युक्तिवादाचा. 'दे हॅड अ‍ॅन आर्ग्युमेंट' म्हणजे त्यांचा वाद झाला. पण तुमचं म्हणणं ऐकून कुणी 'दॅट्स अ गुड आर्ग्युमेंट' म्हणालं, तर तुम्ही मुद्देसूद बोललात अशी ती दाद आहे. कोर्टात वकील 'आर्ग्युमेंट' करतात ते या दुसऱ्या अर्थाने. वाद तापला असेल तर त्याला 'हीटेड' जोडा. 'हीटेड आर्ग्युमेंट' म्हणजे आपली खडाजंगी. हमरीतुमरीसाठी 'शाउटिंग मॅच' आहे, आणि प्रकरण हातघाईवर आलं तर 'दे केम टू ब्लोज'.

मग 'फाइट' कधी? घरच्या माणसांत, जोडप्यांत तो शब्द तोंडी भांडणालाही चालतो, अमेरिकेत तर सर्रास. पण कामाच्या ठिकाणी, सोसायटीच्या तक्रारीत, पोलिसांना दिलेल्या अर्जात 'फाइट' लिहिलं की वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर मारामारी येते. तिथे जपून.

कागदावर चालणाऱ्या भांडणाला 'डिस्प्यूट' म्हणतात. सरकारी कायद्यांच्या नावांत हाच शब्द सापडेल : १९४७ चा इंडस्ट्रियल डिस्प्यूट्स अ‍ॅक्ट, नद्यांच्या पाण्यासाठी १९५६ चा इंटर-स्टेट रिव्हर वॉटर डिस्प्यूट्स अ‍ॅक्ट. कृष्णेच्या पाण्यावरून महाराष्ट्र, कर्नाटक आणि आंध्र प्रदेश यांच्यात जे चाललं त्यासाठी १९६९ मध्ये लवाद नेमला गेला, त्याच्याही नावात 'डिस्प्यूट्स' आहे. बांधावरून, पगारावरून, विम्याच्या दाव्यावरून तक्रार लिहिताना हाच शब्द घ्या. घरातल्या रुसव्याला मात्र तो लावू नका, फार कोरडा वाटतो.

इंग्रजी पेपरांच्या मथळ्यात 'बॉर्डर रो', 'वॉटर रो' असं आपण वाचतो. तीन अक्षरांचा छोटा शब्द, मथळ्यात मावतो. पण त्याचा उच्चार 'रो' नव्हे, 'राउ'. गाईच्या 'काउ'शी यमक जुळतं. 'रो' म्हटलं की खुर्च्यांची रांग होते. हा शब्द ब्रिटनमध्ये बोलण्यातही रोज वापरतात, अमेरिकेत फारसा नाही.

बिनसणं आणि अबोला यांच्यापाशी मी वर्गात नेहमी थोडी थांबते. 'फॉल आउट' म्हणजे बिनसणं : 'शी फेल आउट विथ हर सिस्टर.' त्यात वादही आला आणि नंतरचा दुरावाही. अबोल्याला 'दे आर नॉट ऑन स्पीकिंग टर्म्स' म्हणावं. 'सायलेंट ट्रीटमेंट' वेगळी, ती एकाने दुसऱ्याला शिक्षा म्हणून दिलेली असते. आपल्या रुसण्याला मात्र नेमका शब्द मला अजून मिळालेला नाही. 'सल्क' जवळचा आहे, पण त्यात तोंड फुगवणं तेवढं येतं. रुसलेल्या माणसाची समजूत काढायला कुणीतरी येईल ही आशा त्यात येत नाही. असा शब्द लागला की सरळ दोन वाक्यांत सांगावं, ओढूनताणून बसवू नये.

वर्षानुवर्षं चालणारी भाऊबंदकी म्हणजे 'फॅमिली फ्यूड'. वरवर शांत, आत धुसफूस असेल तर 'फ्रिक्शन'.

तिसरी पायरी : 'शी' आणि 'वरून' जुळवा

हे सगळ्यात सोपं, कारण मराठी मदतीला येते. दिराशी पाण्यावरून वाद झाला, या वाक्यातला 'शी' म्हणजे 'विथ' आणि 'वरून' म्हणजे 'ओव्हर' किंवा 'अबाउट'. 'आय आर्ग्यूड विथ हिम ओव्हर द वॉटर.'

पण दोन ठिकाणी मराठीच आपल्याला फसवते. 'मी सहमत आहे' यातला 'आहे' डोक्यात असतो, म्हणून तोंडातून 'आय अ‍ॅम अग्री' येतं. 'अग्री' हे स्वतःच क्रियापद आहे, त्याला 'अ‍ॅम' नको. 'आय अग्री', 'आय डोन्ट अग्री', झालं. तसंच 'डिस्कस'च्या पुढे 'अबाउट' लागत नाही. 'वी डिस्कस्ड द बिल' एवढंच म्हणायचं.

माणसाचं म्हणणं पटलं तर 'अग्री विथ', कुणाचा प्रस्ताव मान्य केला तर 'अग्री टू', आणि दोघांनी मिळून तारीख, भाव असं काही ठरवलं तर 'अग्री ऑन'.

आता एक बारकावा. 'आय हॅड अ वर्ड विथ हिम' म्हणजे मी त्याला बाजूला घेऊन दोन शब्द बोलले. 'आय हॅड वर्ड्स विथ हिम' म्हणजे आमची बाचाबाची झाली. एका अनेकवचनाने अर्थ पालटतो. आपणही 'शब्दाला शब्द वाढला' म्हणतोच, ते आठवलं की हे कधी विसरत नाही.

चौथी पायरी : समोरच्याला 'नाही' म्हणताना

'यू आर राँग' हे वाक्य माणसावर जातं. मुद्द्यावर जायचं असेल तर 'आय डोन्ट सी इट दॅट वे' म्हणा, किंवा आधी त्याचं ऐकल्याची पावती द्या : 'आय सी यॉर पॉइंट, बट...' आपण मोठ्यांना 'तुमचं बरोबर आहे हो, पण...' म्हणतो तेच हे. 'आय अ‍ॅम अफ्रेड आय डिसअग्री' यात भीती वगैरे काही नाही, ती 'माफ करा, पण' अशी नम्र सुरुवात आहे. 'आय थिंक धिस इज नॉट राइट'पेक्षा 'आय डोन्ट थिंक धिस इज राइट' कानाला मऊ लागतं. नकार पुढे आणायचा, एवढंच.

'विथ रिस्पेक्ट' ऐकलं की हुरळून जाऊ नका. बोलणारा ब्रिटिश असेल तर पुढच्याच वाक्यात तो बहुधा तुमचा मुद्दा खोडणार आहे. आपले वकीलही न्यायाधीशांसमोर तो असाच वापरतात.

देश बदलला की शब्दही उलटतो. दुसऱ्या महायुद्धातला एक प्रसंग चर्चिल यांनी लिहून ठेवला आहे. ब्रिटिश अधिकाऱ्यांना एक टिपण तातडीने चर्चेला घ्यायचं होतं, म्हणून ते म्हणाले, हे 'टेबल' करू या. अमेरिकी अधिकाऱ्यांच्या भाषेत 'टेबल' करणं म्हणजे विषय बाजूला सारणं. बराच वेळ कडाक्याचा वाद झाला आणि मग कळलं की दोघांना एकच हवं होतं. आपल्या विधिमंडळात कागदपत्रं 'सभागृहाच्या पटलावर ठेवतात', ते ब्रिटिश वळणाचं. अमेरिकेतल्या लोकांबरोबर मीटिंग असेल तर हा शब्द टाळून 'लेट्स डिस्कस धिस नाउ' असं उघड सांगा.

पाचवी पायरी : मिटवण्याचे शब्द

भांडणाचे शब्द शिकवून मी कुणाला घरी पाठवत नाही. 'मेक अप' म्हणजे नुसतं पावडर-कुंकू नव्हे : 'दे मेड अप' म्हणजे त्यांची गट्टी झाली. मनातलं बोलून मळभ दूर केलं तर 'वी क्लिअर्ड द एअर'. तुटलेलं पुन्हा जोडलं, थोडं ठिगळ दिसलं तरी चालेल, तर 'वी पॅच्ड थिंग्ज अप'. जुनं वैर संपवलं तर 'दे बरीड द हॅचेट', कुऱ्हाड पुरली. अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या तहाच्या रिवाजातून ते आलं आहे. आणि कुणाचंच मत बदललं नाही, पण वाद थांबवायचा आहे, तर 'लेट्स अग्री टू डिसअग्री'.

सरावासाठी वहीत गेल्या महिनाभरातले तीन खरे प्रसंग लिहा. प्रत्येकाखाली तीन ओळी : कुणाशी, कशावरून, शेवटी काय झालं. आधी मराठीत आणि मग इंग्रजीत. आमच्या ताईंच्या वहीतलं पहिलं पान असं आहे : 'आय हॅड अ डिसअग्रीमेंट विथ माय टीम लीडर ओव्हर माय लीव्ह. वी टॉक्ड अँड क्लिअर्ड द एअर. वी अग्रीड ऑन थ्री डेज.'