अभिप्रायासाठी फोटो पाठवण्याआधी

रोजचा फोटो इतरांना दाखवताना तो एसआरजीबीमध्येच (बहुतेक स्क्रीन आणि अ‍ॅप गृहीत धरतात ती रंगांची पद्धत) एक्सपोर्ट करा. अ‍ॅडोबी आरजीबी या जास्त रंग सामावणाऱ्या पद्धतीतला फोटो तुमच्या एडिटरमध्ये छान दिसतो, पण कलर प्रोफाइल (रंग कोणत्या पद्धतीत आहेत ही फोटोतली नोंद) न वाचणाऱ्या अ‍ॅपमध्ये त्वचा निस्तेज आणि पानं मळकट दिसतात. मग सगळे रंगांवरच बोलतात, रचनेचा मुद्दा बाजूला राहतो.

लांब बाजू २०४८ पिक्सेल, जेपीईजी क्वालिटी ८० ते ८५ पुरते. शेवटचं शार्पनिंग (कडा ठळक करणं) आकार लहान केल्यावरच करा. ते जास्त झालं की आकाशासमोरच्या फांद्यांभोवती पांढरी रेघ उमटते. १०० टक्के झूम करून बघा.

शटर, अ‍ॅपर्चर, आयएसओ या कॅमेऱ्याच्या सेटिंग्जची माहिती फोटोच्या फाइलमध्ये राहू द्या. घरी काढलेला असेल तर जीपीएसची, म्हणजे ठिकाणाची, माहिती मात्र नक्की पुसून टाका.

आणि कृपया नुसतं "कसा वाटला?" विचारू नका. "१/३० सेकंद शटरला हात हलला की फोकस चुकला?" असं विचारलंत तर नेमकं उत्तर मिळतं. स्थिर गोष्टींसह सगळंच एका दिशेने ओढल्यासारखं पुसट असेल तर कॅमेरा हललाय. डोळे पुसट पण मागची भिंत स्पष्ट असेल तर फोकस मागे गेलाय.